बातमी आधी माझ्याकडे येईल, बाबा

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

हे फोनवरच सांगणार होते. पण फोनवर तुम्ही "बरं बरं, हे घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होता, आणि आई एकदा सुरू झाली की मी कशासाठी फोन केला होता तेच विसरते. म्हणून पत्र. अक्षर मुद्दाम मोठं काढलंय, तेव्हा चष्मा सापडत नव्हता ही सबब चालायची नाही.

एक गोष्ट मी ठरवली आहे. ठरवली म्हणजे करूनही झाली आहे, त्यामुळे आधी शेवटपर्यंत वाचा आणि मग काय रागवायचं ते रागवा. तुम्हा जहाजांवरच्या रेडिओ ऑफिसर मंडळींचा ग्रुप जे काका सांभाळतात, त्यांच्याशी मी बोलले. यापुढे तुमच्यापैकी कोणी गेल्याचं कळलं, की ते आधी मला फोन करतील. मी तुम्हाला सांगितलं की मग ते ग्रुपवर टाकतील. बातमी रात्रीची असेल तर सकाळी, चहा आणि गोळी झाल्यावर, आई शेजारी बसलेली असताना सांगेन. लपवणार काहीही नाही. कुणाचंही, कधीही. हे मी लिहून देतेय, जपून ठेवा.

काकांना अवघड वाटेल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "अगं, माझा मुलगाही मला हेच म्हणतो, पण बातम्या टाकणारा मीच, तर मला कोण आधी सांगणार?" आणि स्वतःच हसले. दोन-चार तासांनी कुणाचं काही अडत नाही असंही म्हणाले. शिवाय मागे त्या ग्रुपवर एका भल्या माणसाला जिवंतपणीच श्रद्धांजली वाहून झाली होती, आणि त्यांनी स्वतःच "मी आहे अजून, चालू द्या" असं लिहिलं होतं, ते तुम्हीच मला हसत सांगितलं होतं. तेव्हा खातरजमा व्हायलाही तेवढा वेळ बराच.

तुम्ही कमकुवत झालात म्हणून हे केलं असं कृपा करून समजू नका. मला मागची ती रात्र डोळ्यांसमोर येते. मी तिथे नव्हते, आईकडून ऐकली तेवढीच, पण येते. साडेअकराला तुमच्या फोनवर ती बातमी आली. वर कुणाचा तरी विनोद, खाली कुणी उतावीळपणे आदल्या रात्रीच पाठवलेलं गुड मॉर्निंगचं फूल, आणि मधे दोन ओळीत तुमचे सीक्यूवाले काका गेल्याचं. आई झोपलेली. पहाटे ती उठली तर तुम्ही अंधारात खुर्चीवर, मांडीवर ती जुनी वही, आणि उजव्या हाताचं बोट खुर्चीच्या हातावर चाललेलं. दुसऱ्या दिवशी बीपी किती होतं ते मला चार दिवसांनी कळलं, तेही गोळी बदलल्यावर. आई, याबद्दल आपण वेगळं बोलणार आहोत.

आणि आई, तू त्या दिवशी फोनवर म्हणालीस, "एवढं काय मनाला लावून घ्यायचं, कधी भेटलेसुद्धा नव्हते एकमेकांना." तू काळजीनेच म्हणालीस, मला माहीत आहे. पण मला ते तिथेच अडलं. खरंच नव्हते भेटले. जहाजावर रेडिओ रूममध्ये बहुधा एकच माणूस. त्याचे सहकारी कुठे, तर दुसऱ्या जहाजांवर आणि किनाऱ्यावरच्या स्टेशनांत. टेबलाला टेबल लावून बसायची चैन त्यांना कधी मिळालीच नाही. बाबा त्यांना ओळखायचे ते हातावरून. मोर्समध्ये, म्हणजे आखूड-लांब ठोक्यांच्या त्या भाषेत, प्रत्येकाचा हात वेगळा असतो, अक्षरासारखा. दुसऱ्या महायुद्धात चोरून ऐकणारे लोक शत्रूचा ऑपरेटर नुसत्या हातावरून ओळखायचे. 'सीक्यू' म्हणजे 'कुणीही ऐकत असाल तर उत्तर द्या' ही हाक; ती मारताना सीक्यूवाले काका 'क्यू'चा शेवटचा दा, म्हणजे लांब ठोका, इतका लांबवायचे की नाव सांगायच्या आधीच बाबा हेडफोनमध्ये हसायचे. हजारो मैलांवरचा माणूस, चेहरा माहीत नाही, पण आज त्याला सर्दी झाली आहे की तो घरच्या पत्राची वाट बघतोय हे यांना कळायचं. तुझ्यामाझ्या ऑफिसातल्या किती जणांबद्दल आपल्याला एवढं कळतं?

केनेथ डोका नावाच्या अभ्यासकाने १९८९ साली अशाच दुःखाबद्दल लिहिलंय, जे दुःख म्हणून कुणी धरतच नाही. माणूस नात्यातला नाही, त्यामुळे भेटायला कुणी येत नाही, कसे आहात म्हणून विचारत नाही. मी ते वाचलं तेव्हा मला बाबांची खुर्चीच आठवली. तेव्हा आई, तू एवढंच कर. "जाऊ दे" म्हणू नकोस. "कसे होते ते?" असं विचार आणि गप्प बस. (गप्प बसणं तुला जमेल, प्रयत्न कर.)

बाबा, आता तुमच्याशी. तुम्हाला वाटेल, ही कोण ठरवणारी, माझ्या माणसांची बातमी मला कधी द्यायची ते. पण हे मी तुमच्याकडूनच उचललंय. जहाजावर कुणाच्या घरची वाईट तार आली की ती सगळ्यात आधी तुमच्याच कानात यायची. तुम्ही ती उतरवून घेतलीत आणि पळत जाऊन त्या पोराच्या हातात कोंबलीत, असं कधी केलं नाहीत. आधी कॅप्टनला दाखवायचात. तो पोरगा इंजिनाच्या ड्युटीवर असेल तर ती संपेपर्यंत थांबायचात. मग त्याला केबिनमध्ये बोलावून, दार लावून, आधी बसायला सांगायचात. "कागद शेवटी द्यायचा, आधी आपण बोलायचं," हे तुमचेच शब्द. त्या माणसाला तुम्ही काय कमकुवत समजत होतात? मग मी केलं तर बिघडलं कुठे?

वहीला मी हात लावणार नाही. ती तुमची. तिच्यात तुम्ही एकही नाव खोडलेलं नाही हे मी पाहिलंय. नावापुढे जहाजाची कॉल साइन, म्हणजे रेडिओवरची ओळखीची अक्षरं, आणि माणूस गेला की लाल पेन्सिलीने बारीक 'एसके', म्हणजे 'सायलेंट की', गप्प झालेली की, तारीख आणि वेळ. वेळ अजून जीएमटीतच, जहाजावरच्या ग्रीनिच वेळेत. हल्ली लाल खुणा जास्त आणि मोकळी नावं कमी झाली आहेत, ते मला दिसत नाही असं समजू नका. पण सायलेंट की झालेल्यांची नोंद ठेवणं तुम्हा लोकांची जुनीच रीत आहे. पॅसेजमधला तो फोटो बघा ना, न्यू यॉर्कच्या बॅटरी पार्कमधलं १९१५ सालचं वायरलेस ऑपरेटरांचं स्मारक. टायटॅनिकचा जॅक फिलिप्स त्यात आहे हे सगळ्यांना माहीत असतं. तुम्ही मात्र मला इतर नावं वाचून दाखवायचात, जी कुणी विचारत नाही.

तुम्ही घरी असलात की रात्री भिंतीवर वाजवायचात, आठवतं? टक म्हणजे डिट, नखाचा ओरखडा म्हणजे दा. मी पलीकडून टक, ओरखडा, टक, म्हणजे 'आर', मिळालं, एवढं केल्याशिवाय तुम्ही दिवा घालवायचा नाहीत. आणि ते जहाजावरचं घड्याळ! पंधरा ते अठरा आणि पंचेचाळीस ते अठ्ठेचाळीस मिनिटांच्या त्या लाल पट्ट्या. पाचशे किलोहर्ट्झवर तेवढा वेळ सगळ्या जहाजांनी मुकाट्याने ऐकायचं, कुणी बुडताना हाक मारत असेल तर ती ऐकू यावी म्हणून. घरी आईने त्याचा बरोब्बर फायदा घेतला. काटा लालमध्ये गेला की आम्ही गप्प. ती तीन मिनिटांची कधी दहा करायची ते आम्हाला मोठेपणी कळलं. तुमच्या मांडीवर बसून काटा बाहेर येण्याची वाट बघायची, तेव्हा तुमच्या छातीत काय वाजतंय तेही मला ऐकू यायचं. आज त्याच छातीची ईसीजीची पट्टी डॉक्टर मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात.

१ फेब्रुवारी १९९९ ला जीएमडीएसएस, म्हणजे जहाजांसाठीची नवी संकट-संदेश व्यवस्था, पूर्ण लागू झाली आणि जहाजावर मोर्स जाणणारा माणूस असण्याची गरज संपली. त्याच्या दोन वर्षं आधी, ३१ जानेवारी १९९७ ला, फ्रेंच नौदलाने मोर्स बंद केलं, तेव्हाच तुम्ही कात्रण वाचता वाचता उठून गेला होतात. त्यानंतरचं सगळं इथे काढत नाही. आपल्या तिघांना पुरेसं माहीत आहे. पण तेव्हा तुम्हाला सावरलं ते आम्ही नाही, ह्याच वहीतल्या लोकांनी. म्हणून त्यातलं एक नाव लाल झालं की काय जातं, ते मला थोडंफार कळतं. त्यांचा हात ओळखणारे तुम्ही आहात. तुमचा हात ओळखणारे कमी होत चाललेत.

बरं, आता सूचना. हसू नका.

रात्री फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. उशाशी नाही. कानाचं मशीन सकाळी उठल्या उठल्या घालायचं. "घरात कोण बोलतंय माझ्याशी" हे कारण आईसमोर तरी देऊ नका. गोळ्यांचा नवा डबा पाठवलाय, त्याला सकाळ-रात्रीचे वेगळे कप्पे आहेत, जुन्या पाकिटातली गोळी टाकून द्या, ती आता बंद आहे. बंद म्हणजे बंद, "संपवून टाकतो" नाही. शोकसभेला जायचं तर दिवसा आणि सोबत कुणाला घेऊन. गाडीची सोय मी इथून करते, फक्त आदल्या दिवशी सांगा. जाऊ नका असं मी म्हणणार नाही. मागे एकदा तुम्हाला जाऊ दिलं नव्हतं तेव्हा तुम्ही किती दिवस अबोल होतात ते आईला विचारा.

आणि गेलेल्या माणसाच्या घरी फोन कराल तेव्हा "धीर धरा" वगैरे म्हणू नका, ते सगळेच म्हणतात. ती व्यक्ती कामात कशी होती ते सांगा. घरच्यांना ते माहीतच नसतं. सीक्यूवाल्या काकूंना हे कुणी सांगितलं असेल का, की वादळात एका रात्री तुमच्या जहाजाचा ट्रान्समीटर बंद पडला, तेव्हा काकांनी तासन्‌तास तुमचा बारीकसा इमर्जन्सी सेट ऐकत, तुमचे निरोप पुढे पोचवले? त्यांच्या मुलांना बाबा म्हणजे सुट्टीवर आलेला माणूस. बाकीचा अर्धा माणूस तुमच्याकडे आहे. लगेच नको, तेव्हा घरात गर्दी असते. दीड-दोन महिन्यांनी करा, इतरांचे फोन थांबल्यावर.

शेवटचं एक मागणं आहे, आणि त्याला मात्र नाही म्हणायचं नाही. तुम्ही प्रत्येकाचा हात हुबेहूब वाजवून दाखवता. लहानपणी आम्ही ओळखायचो, हा लांब दावाले, हा घाईवाले, हा झोपाळू काका. ते सगळे हात मला रेकॉर्ड करून हवेत. वही उघडायची, एक नाव घ्यायचं, कोण, कुठल्या जहाजावर, कधीची ओळख, हे सांगायचं आणि मग त्यांच्या हाताने त्यांचीच कॉल साइन वाजवायची. रोज एकच. थकवा आला तर तेवढंही नको. घाईवाले काका अजून आहेत, त्यांना फोनवरून ऐकवून बरोबर आलं का तेही विचारता येईल; चूक काढल्याशिवाय ते राहणार नाहीत. आणि सगळ्यात शेवटी तुमचा स्वतःचा हात. तो विसरू नका, कारण तो मला तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून वाजवून घेता येणार नाही.

मोर्सची ती पितळी की कपाटाच्या खालच्या खणात, निळ्या फडक्यात आहे. बझरमधला सेल पाझरला होता म्हणून मी नवा बझर मागवलाय, शुक्रवारपर्यंत येईल. फोन टेबलावर वीतभर लांब ठेवा, अगदी जवळ ठेवलात तर आवाज फाटतो. बटण आई दाबेल.

आई, बटण लाल आहे. एकदा दाबलं की सुरू, पुन्हा दाबलं की बंद. मधे तू बोललीस तरी चालेल, तेही मला हवंच आहे. आणि त्यांनी पहिल्याच दिवशी पाचेक नावं उरकायला घेतली तर ती पितळी की काढून घे आणि जेवायला बसव.

तुमची,
ठमी

ता. क. डॉक्टरांकडे बुधवारी जायचं आहे. वहीत नाही, कॅलेंडरवर लिहा. आणि जीएमटीत नको.