पत्रकारितेच्या वर्गाचा शेवटचा तास

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठाण्यातील एका महाविद्यालयात वर्षभर चाललेला आमचा पत्रकारितेचा वर्ग गेल्या आठवड्यात संपला, आणि त्याविषयी आपल्याच पत्रातून लिहावे असे मनापासून वाटले, कारण आपल्या पत्राची कात्रणे पुढ्यात घेऊन आम्ही बातमी वाचायला शिकलो. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केलेल्या ‘दर्पण’मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी छापला जाई, इथपासून २००५च्या माहिती अधिकार कायद्यान्वये अर्ज कसा लिहावा इथपर्यंत बरेच काही शिकवले गेले, मात्र मला सर्वाधिक शिकवले ते जांभळी नाक्याच्या मंडईने. भाज्यांवरील माझ्या पहिल्याच बातमीत मी ‘दर गगनाला भिडले’ असे लिहिले होते. मॅडमनी त्याखाली लाल रेघ ओढून समासात एवढेच विचारले, ‘किती? कोणी सांगितले?’ दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जाऊन सात विक्रेत्यांशी बोलले, तेव्हा मेथी महागली असली तरी कांदा उलट उतरल्याचे कळले आणि अख्खी बातमी नव्याने लिहावी लागली. ती कुठे छापून आली नाही, तरी माझ्या लेखी तीच माझी पहिली खरी बातमी.

विद्यार्थीसंख्या कमी असल्याने पुढील वर्षी हा वर्ग भरेल की नाही, याची शाश्वती नाही. आपल्या वार्ताहरांनी महिन्यातून एखादा तास अशा वर्गांना द्यावा, ही कळकळीची विनंती.

– एक विद्यार्थिनी, ठाणे (प.)