तपासणीचे कार्ड, पिळलेला नेक आणि न मिळालेले शिसव : एका बासची तक्रार

कोल्हापूर
दि. 10 जून 2024

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : सदोष इलेक्ट्रिक बास (गिटार) आणि वर्णनाशी न जुळणारे लाकूड. पूर्ण परतावा किंवा वाद्य बदलून मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

गुढीपाडव्याला, 9 एप्रिल 2024 रोजी, मी आपल्या संकेतस्थळावरून चार तारांचा, जॅझ पद्धतीचा पॅसिव्ह (बॅटरीविना चालणारा) बास मागवला. किंमत 41,990 रुपये. त्याशिवाय ‘पाठवण्यापूर्वी तज्ज्ञाकडून सेटअप’ (नेक आणि तारांची उंची जुळवून देणे) या सेवेचे 1,500 रुपये वेगळे भरले. वाद्य पुढच्या आठवड्यात घरी आले, पण आजवर ते एकाही कार्यक्रमात वाजवता आलेले नाही. आपल्या ग्राहक सेवेशी बराच पत्रव्यवहार झाला, त्यातून काही निष्पन्न होईना, म्हणून हे पत्र थेट आपल्या नावे लिहीत आहे.

मी ऑर्केस्ट्रात बास वाजवतो. जुनी हिंदी-मराठी चित्रपटगीते हा आमचा मुख्य कार्यक्रम. त्यामुळे काय घ्यायचे हे पक्के ठरवूनच मी हे मॉडेल निवडले होते. फेंडर या अमेरिकन कंपनीने 1960 साली जॅझ बास आणला, त्याच साच्यावर आपले हे मॉडेल बेतलेले आहे : 34 इंची स्केल (तारेची वाजणारी लांबी), दोन सिंगल कॉइल पिकअप (तारेचे कंपन टिपणारी चुंबके) आणि नटपाशी, म्हणजे तारा नेकवर जिथून सुरू होतात तिथे, जेमतेम 38 मिलिमीटरचा नेक (वाद्याची मान). माझा पंजा लहान आहे, फेंडरच्याच प्रिसिजन बासचा रुंद नेक तीन तासांच्या कार्यक्रमात हाताला जड जातो. शिवाय नेककडचा पिकअप पूर्ण उघडून टोन खाली घेतला की आवाज गोल आणि भरीव होतो. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यातल्या टोनी वाझ यांचा बास ऐकत मोठा झालेल्या माझ्यासारख्याला तोच आवाज हवा असतो. ब्रिजकडचा (तारांच्या खालच्या टोकाचा) पिकअप त्यात थोडासा मिसळला, तर ढोलक आणि कोंगोच्या गर्दीतही एकेक सूर सुटा राहतो. हे सगळे या साच्यात एका वाद्यात मिळते, म्हणून त्यासाठी पैसे साठवले होते.

आमच्याकडे दुकानात जाऊन चार-पाच बास गळ्यात अडकवून, वाजवून निवडण्याची सोय नाही. आपल्या पानावर जे लिहिलेले असते, त्यावर विसंबून आम्ही पैसे भरतो. म्हणून त्या पानावरचा प्रत्येक शब्द खरा असला पाहिजे, आणि माझी तक्रार नेमकी तिथेच आहे.

आता दोषाबद्दल. खोक्यातून काढल्यावर हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्यांच्या, बाजूने नेकवर नजर टाकली, सुतार फळीचा पीळ पाहतो तशी. ई या सर्वांत जाड तारेकडची कड आणि जी या सर्वांत बारीक तारेकडची कड एका पातळीत नव्हती. खात्रीसाठी मोजमाप घेतले. पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावला आणि शेवटच्या फ्रेटवर तार दाबली की तीच सरळ पट्टीचे काम करते. मग आठव्या फ्रेटवर तारेखाली जी फट उरते, तो नेकचा बाक. अशा बासला हा बाक साधारण 0.3 मिलिमीटर असावा लागतो. जाड ई तार सेकंदाला 41 वेळा हलते आणि तिचा झोका मोठा असतो, त्याला जागा हवी, म्हणून नेक अगदी सपाट ठेवत नाहीत. माझ्या वाद्यात ई तारेखाली हा बाक 0.9 मिलिमीटर निघाला आणि जी तारेखाली 0.15. फीलर गेजची (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पत्र्यांची) पाने फटीत घातलेली छायाचित्रे मी त्याच दिवशी आपल्याला पाठवली आहेत.

दोन्ही बाजूंचा बाक सारखाच जास्त असता, तर मी हे पत्र लिहिले नसते. तो सेटअपचा प्रश्न झाला असता, ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या आतली धातूची सळई, थोडा आवळला की मिटणारा. पण दोन बाजूंचे आकडे इतके वेगळे येतात तेव्हा नेकला पीळ पडलेला असतो. ट्रस रॉड नेकच्या मधोमध जातो. तो बाक कमी-जास्त करू शकतो, पीळ काढू शकत नाही. आवळत गेले तर जी तारेची बाजू उलटी वाकू लागते आणि ई तारेची बाजू फारशी हलतही नाही.

वाजवताना याचे काय होते तेही सांगतो. ई तार तिसऱ्या फ्रेटपासून नवव्यापर्यंत इतकी उंच आहे की बोटाने ती फार खोल दाबावी लागते. तार जितकी खोल दाबावी तितकी ताणली जाते आणि सूर चढतो. ट्यूनरवर खुली ई बरोबर लागते, पाचव्या फ्रेटवरचा ए मात्र चढा येतो. शेजारी कीबोर्ड वाजत असेल, तर हा फरक श्रोत्यांना ‘बेसूर’ असा वेगळा कळत नाही, त्यांना नुसते सगळे गढूळ ऐकू येते, गायकाला आधार मिळत नाही आणि दोष बासवाल्याच्या माथी येतो. सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारेची बैठक, खाली घेऊन पाहिले. सतराव्या फ्रेटपाशी तार 2.4 मिलिमीटरवर आणली, ही नेहमीची उंची आहे. तेवढ्यात वरच्या फ्रेटवर तार करकरू लागली आणि मधल्या फ्रेटवरची उंची तरीही जास्तच राहिली.

खोक्यात आपले एक छापील कार्ड होते. ‘तपासणी पूर्ण’. नेक, फ्रेट, इलेक्ट्रॉनिक्स आणि फिनिश अशा चार ओळींपुढे बरोबरच्या खुणा आहेत. नेकच्या ओळीत ‘बाक : ___ मिमी’ अशी जागा सोडलेली आहे आणि ती कोरी आहे. तारांच्या उंचीची जागाही कोरीच आहे. कोऱ्या चौकटीशेजारी बरोबरची खूण कोणी आणि काय पाहून केली, हे मला कळायला हवे, कारण याच कामाचे 1,500 रुपये मी वेगळे दिले आहेत.

यावर आपल्याकडून आलेली उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. आधी लिहून आले की चारही तारांतून आवाज येतो, त्यामुळे वाद्य सदोष मानता येत नाही. नंतर कळवले की हा पावसाळी हवेचा परिणाम आहे. माझी छायाचित्रे एप्रिलची आहेत. त्या दिवसांत इथे पाऊस नव्हता, कडक ऊन होते. पुढे सांगितले गेले की ट्रस रॉड आवळून घ्या. मी तो स्वतःच्या हाताने फिरवला नाही. पुण्यातल्या एका जाणत्या कारागिराकडे वाद्य नेले आणि आपला ईमेल दाखवूनच काम करायला सांगितले. त्याने ट्रस रॉडचा नट पाव फेरा आवळला आणि आटे संपले, नट पुढे जाईना. तेव्हा जी तारेखालचा बाक शून्यावर आला होता आणि ई तारेखाली अजून 0.75 होता. त्याने हे लेखी दिले आहे. ते आपल्याला पाठवल्यावर उत्तर आले की बाहेरच्या माणसाने ट्रस रॉडला हात लावल्यामुळे वॉरंटी संपली. ट्रस रॉड आवळायला आपणच लेखी सांगायचे आणि आवळला म्हणून वॉरंटी नाकारायची, हा अन्याय आहे आणि तो मला मान्य नाही.

दुसरी तक्रार लाकडाची. पानावर ‘रोझवुड फिंगरबोर्ड’, म्हणजे नेकवरची बोटे ठेवायची फळी शिसवाची, असे स्पष्ट लिहिलेले आहे. खोक्याच्या बाजूला चिकटवलेल्या लेबलवर मात्र ‘लॉरेल’ असे आहे. हे विचारल्यावर उत्तर मिळाले की आंतरराष्ट्रीय नियमांमुळे रोझवुडवर बंदी आहे. ही माहिती चुकीची आहे. दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या साइट्स कराराने 2 जानेवारी 2017 पासून डाल्बर्जिया (शिसव) वंशातल्या सगळ्या लाकडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्याचे बंधन घातले, हे खरे. पण ब्राझिलियन रोझवुड वगळता इतर शिसवी लाकडाच्या तयार वाद्यांना 26 नोव्हेंबर 2019 पासून त्यातून सूट आहे. आणि बंदी होती असे घटकाभर धरले, तरी मग पानावर रोझवुड का लिहिले, हा प्रश्न उरतोच.

गैरसमज नको म्हणून सांगतो, लॉरेल म्हणून जे वापरतात ते आपल्या सह्याद्रीतल्या ऐनाचे लाकूड, आणि ते वाईट नाही. ते चांगले टणक असते. फिंगरबोर्डच्या लाकडाने बासच्या आवाजात किती फरक पडतो यावर वादक भांडत राहतील, मला त्यात शिरायचे नाही. माझे म्हणणे साधे आहे. ऐनाच्या फिंगरबोर्डचे, बाकी याच बनावटीचे मॉडेल आपण स्वतःच सहा हजार रुपयांनी कमी किमतीत विकता. मी शिसवाचे पैसे भरले आणि मला ऐन मिळाला.

आपल्या प्रतिनिधीने फोनवर मला विचारले की पिकअपची भुणभुण आणि जी तारेवर मधल्या फ्रेटपाशी लवकर विरणारा सूर याही तक्रारी जोडायच्या का. जोडायच्या नाहीत. एकच सिंगल कॉइल पिकअप उघडला की भुणभुण येणारच, दोन्ही सारखे उघडले की ती जाते. आणि जी तारेवर पाच-सहाव्या फ्रेटच्या आसपास असा एखादा दबका सूर या साच्याच्या अनेक उत्तम बासमध्येही सापडतो. तो वाद्याचा स्वभाव आहे, तो धरून वाजवायला आम्ही शिकतो. या वाद्याचे पिकअप खरोखर चांगले आहेत, बॉडीचे वजन खांद्याला बेताचे आहे, पॉट्स (आवाज कमी-जास्त करायच्या कळा) हलके आणि एकसारखे फिरतात. चांगला नेक असता, तर हा बास मी आनंदाने वर्षानुवर्षे वाजवला असता. म्हणूनच वाईट जास्त वाटते.

आता माझी मागणी. हेच मॉडेल, शिसवी फिंगरबोर्डसह, बदलून द्यावे. पाठवण्यापूर्वी ई आणि जी अशा दोन्ही तारांखालचा बाक मोजून, आकडे त्या कार्डावर लिहून, फीलर गेजसह छायाचित्रे मला पाठवावीत. ती पाहून मी होकार दिल्यावरच वाद्य निघावे. गणपतीत आमचे कार्यक्रम लागलेले असतात, म्हणून हे जुलै संपण्यापूर्वी व्हायला हवे. तसे शक्य नसेल, तर सेटअपच्या रकमेसह पूर्ण 43,490 रुपये परत करावेत. दोन्ही बाबतीत सदोष वाद्य नेण्याचा खर्च आपला असावा आणि पुण्याच्या कारागिराला दिलेले पैसे मला मिळावेत, कारण ते काम आपल्या लेखी सूचनेवरून केले. आणि पानावरचे लाकडाचे वर्णन आजच दुरुस्त करावे, म्हणजे पुढच्या ग्राहकावर ही वेळ येणार नाही. ‘सद्भावना म्हणून’ देऊ केलेले 2,000 रुपयांचे कूपन मला नको आहे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीतल्या वर्णनाशी जुळत नसेल, तर विक्रेत्याला ती परत घेण्यास किंवा पैसे परत करण्यास नकार देता येत नाही. त्याच नियमांनुसार या पत्राची पोच 48 तासांत आणि निवारण महिनाभरात होणे अपेक्षित आहे. तसे न झाल्यास मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. ग्राहकाला राहत्या जिल्ह्यात दाद मागण्याची तरतूद 2019 च्या कायद्यात आहे.

वाद्य मूळ खोक्यात, तारा सैल करून, कोरड्या जागी ठेवले आहे. आपला माणूस कधी येणार ते आधी कळवावे, मी घरी थांबेन.

आपला,
(स्वाक्षरी)

सोबत : पावतीची प्रत, बाकाच्या मोजमापाची छायाचित्रे, तपासणी कार्डाच्या दोन्ही बाजू, खोक्यावरच्या लेबलचे छायाचित्र, संकेतस्थळावरील वर्णनाचा स्क्रीनशॉट, कारागिराचा लेखी अहवाल व पावती, आपल्या ग्राहक सेवेचे सर्व ईमेल.