मी गप्प होते, पण प्रतिसाद देत होते

संपादक महोदय,

तुमच्या पुरवणीत ऑटिझमवर (स्वमग्नतेवर) लेख आला होता, त्यात 'पालकांचा प्रतिसादही मोजायला हवा' एवढं एक वाक्य टाकून विषय सोडून दिलाय. मोजायला माझी ना नाही, पण मोजतात नक्की काय हे सांगायला हवं होतं, म्हणून हे पत्र.

माझा मुलगा चार वर्षांचा असताना एका सेंटरमध्ये आमचा दहा मिनिटांचा व्हिडिओ घेतला. घरी खेळता तसं खेळा म्हणाले. तो गाडी उलटी करून चाक फिरवत बसला, मी शेजारी बसून बघत होते, मधेच एकदा 'फिरतंय गरगर' म्हटलं, तर त्याने चाक थांबवलं आणि माझ्याकडे न बघताच माझा हात ओढून चाकावर ठेवला. म्हणजे आता तू फिरव. मी फिरवलं. असं तीन-चारदा झालं, मला तर वाटलं आज काय मस्त जमलं! रिपोर्टमध्ये काय आलं, तर 'आई कमी बोलते, प्रतिसाद कमी'. घरी येऊन रडले मी, खोटं कशाला सांगू.

मग वाचत गेले तेव्हा कळलं की मोजायच्या पद्धतीच वेगवेगळ्या आहेत. काहींमध्ये आई किती वेळा बोलली याची नुसती मोजणी असते. काहींमध्ये बघतात की मूल ज्यात रमलंय त्याबद्दलच पालक बोलतोय का, की 'हा कुठला रंग, इकडे बघ, सांग ना' करत त्याला तिथून ओढतोय. या दुसऱ्या पद्धतीत प्रश्नांची सरबत्ती करणाऱ्याचेच मार्क जातात (आणि आपल्यातले निम्मे तेच करतो, मीपण करायचे). सिलर आणि सिगमन या संशोधकांचा २००२ चा अभ्यास याच पद्धतीचा. पालक मुलाच्या लक्षाशी जितकं जुळवून घेत होते तितकी त्या मुलांची भाषा पुढे जास्त वाढलेली दिसली, अगदी १६ वर्षांनंतरसुद्धा. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र कुणी सांगत नाही, की ऑटिझमवाल्या मुलांचे पालक यात इतर पालकांपेक्षा मागे नव्हतेच.

हे मी एवढं ताणून का सांगतेय, तर आयांवर खापर फोडायची सवय जुनी आहे. १९४३ मध्ये लिओ कॅनर या मानसोपचारतज्ज्ञाने ऑटिझमच्या ११ मुलांबद्दल लिहिलं तेव्हाच आईबापांच्या कोरडेपणाची नोंद केली, पुढे ब्रुनो बेटलहाइम या लेखकाने तर तेच ऑटिझमचं कारण म्हणून लोकांच्या डोक्यात भरवलं, आयांना चक्क फ्रिज म्हणायचे, म्हणजे मायेचा ओलावा नसलेल्या थंडगार. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने ते खोडून काढलं, तो स्वतः ऑटिझमवाल्या मुलाचा बाप होता. त्यामुळे 'प्रतिसाद कमी' हे दोन शब्द कुठल्याही आईला नुसते आकड्यासारखे वाचता येत नाहीत.

इंग्लंडमध्ये ऑटिझमच्या १५२ लहान मुलांवर एक ट्रायल झाली, २०१० ला छापून आली. त्यात थेरपिस्ट पालकांना त्यांचाच व्हिडिओ दाखवायचे, जुळलेले क्षण दाखवून त्यावर बोलायचे. पालकांचं जुळवून घेणं खूप वाढलं, मुलं आपणहून जास्त संवाद करायला लागली, पण ऑटिझमच्या लक्षणांत तेव्हा म्हणावा तसा फरक नव्हता. तो दिसला सहा-एक वर्षांनी परत तपासलं तेव्हा, २०१६ मध्ये. म्हणजे आईचा स्कोअर वाढला की मूल लगेच बदललं असं नाही हो!

रिपोर्ट देणाऱ्यांनी निदान कागदाबरोबर ती क्लिप दाखवावी आणि मुलाच्या त्या हाताचा अर्थ काय हे घरच्यांना विचारावं. नवख्या माणसाला तो इशारा दिसणार कसा? आणि इशाराच दिसला नाही तर त्याला दिलेलं उत्तर तरी कुठून दिसणार?

आमचा तो व्हिडिओ मी दोनदा मागितला. द्यायची पद्धत नाही म्हणाले. मला फक्त तो माझा हात ओढतो तेवढंच त्यांना दाखवायचं होतं.

एक आई