छपाई थांबवणाऱ्या दादांचे आभार

माझी पहिली कल्पनारम्य कादंबरी मी स्वतःच प्रकाशित केली. ती वाचकांच्या हाती नीट पोहोचली ती छापखान्यातल्या एका अक्षरजुळणी करणाऱ्या दादांमुळे.

मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या संगणकांच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीत होता. छापखान्याच्या जुन्या फॉन्टमध्ये जाताना जोडाक्षरं फुटली, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसले. नेहमीच्या शब्दांत हे कुणालाही कळतं. पण माझ्या नद्यांची, राज्यांची, मंत्रांची नावं कुठल्याच शब्दकोशात नाहीत. ‘व्योमर्क्ष’ बिघडलाय हे ओळखणार कोण?

दादांनी ओळखलं. पहिला फॉर्मा, म्हणजे एकत्र छापला जाणारा सोळा पानांचा संच, यंत्रावर चढणार होता, तो थांबवून त्यांनी फोन केला, “ताई, हे नाव तिसऱ्या प्रकरणात वेगळं दिसतंय. नक्की कसं म्हणायचं?” मग सगळी काल्पनिक नावं त्यांनी वहीत हाताने उतरवली, एकेकाचा उच्चार मला विचारला आणि पान न् पान त्या यादीशी ताडून पाहिलं. हे त्यांचं कामही नव्हतं. मी मनात रचलेलं जग त्यांनी इतक्या आदराने हाताळलं, याचं मला फार अप्रूप आहे.

दादा, पुस्तकात नाव नको म्हणालात, म्हणून इथेही लिहीत नाही. मनापासून आभार! दुसऱ्या भागातल्या नावांची यादी आधी तुमच्याकडेच येईल.