पिल्लू जेवत नाहीये

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय शैले,

फोनवर तू आधी किंचाळली असतीस, म्हणून पत्र. माझ्याकडे सापाचं पिल्लू आलंय. धामण-बिमण नाही गं! आपले साप घरात ठेवणं १९७२च्या कायद्यानं गुन्हा आहे, हे तूच माझ्या डोक्यात भरवलंस. हा बॉल पायथन, आफ्रिकेतला बिनविषारी अजगर. सरकारच्या परिवेश पोर्टलवर रीतसर नोंदही केलीय.

पण ते जेवत नाहीये, शैले. जीव नुसता टांगणीला लागलाय.

आल्यावर आठवडाभर हातही लावला नाही. मग गोठवलेलं उंदराचं पिल्लू गरम पाण्यात धरून कोमट केलं. याच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खळगे असतात, गार भक्ष्याकडे ते ढुंकूनही बघत नाही. चिमट्यानं धरून हळूच हलवलं. जीभ बाहेर आली, मान पुढे आली, मला वाटलं आता झडप घालणार. तर डोकं आत घेऊन त्याचा गोळा झाला! सकाळी ते भक्ष्य तसंच फेकावं लागलं. पुन्हा दिलं, पुन्हा तेच.

थंडी आपल्या नाशिकची, रात्री पारा १०च्या खाली. ऊब कमी पडली तर गिळलेलं पचत नाही, ओकून टाकतात. म्हणून पेटीची एक बाजू ३२ अंशांवर, दुसरी २६वर ठेवलीय. लपायला दोन्हीकडे करवंट्या. डोळे दुधाळ नाहीत, म्हणजे कात टाकायलाही आलेलं नाही. वजन मात्र टिकून आहे, तेवढाच धीर.

आई म्हणाल्या, दूध ठेवून बघ. नागपंचमीला घरात तवा चढू न देणारी बाई ती! साप दूध पीत नाहीत म्हटल्यावर गप्प झाल्या, पण जुना छोटा फ्रीज त्याच्या खाण्यासाठी त्यांनीच मोकळा करून दिला. रोज उठल्यावर पहिला प्रश्न, ‘जेवलं का गं?’

ज्याच्याकडून आणलं तो म्हणतो, उंदराचं जिवंत पिल्लू द्या, लगेच घेईल. इथे माझा हात अडतो. सोमेश्वरला दिवडीनं, म्हणजे त्या पाणसापानं, बेडूक धरला होता, मी सोडवायला धावले आणि तू मनगट धरून ओरडलीस, ‘तिनं जेवू नये का?’ महिनाभर बोललो नव्हतो आपण. तेव्हा ते नदीत, आपापलं चाललं होतं. इथे डोळेही न उघडलेलं पिल्लू मीच चिमट्यात धरून द्यायचं. पण हे उपाशी राहिलं तर? बॉल पायथन आठवडेच्या आठवडे उपाशी राहतात, हे माहीत आहे मला. मोठ्यांचं ठीक, एवढ्याशा जिवाचं काय? तू काय केलं असतंस, खरं सांग.

माझं बीपी बरं आहे. तुझी बदली टळली का? चिंगीची दहावी ना यंदा? तिला म्हणावं, गणित सुटलं नाही तर मावशीकडे ये. आणि तुझा गुडघा दाखवून घे बाई.

शनिवारी रात्री पुन्हा देणार आहे. त्याआधी कळव.

तुझी,
अनू