किंग्ज हरले ते फ्री थ्रोच्या रेषेवर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बास्केटबॉलच्या चाहत्यांमध्ये सॅक्रामेंटो किंग्जच्या २००२ च्या संघाचा विषय निघाला की बोलणे हमखास पंचांवर येऊन थांबते. त्या वर्षी एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक लीगच्या साखळीत सर्वाधिक ६१ सामने जिंकलेला हा संघ पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत लॉस एंजेलिस लेकर्सकडून ४-३ असा हरला. सहाव्या सामन्याच्या शेवटच्या १२ मिनिटांत लेकर्सना तब्बल २७ फ्री थ्रो, म्हणजे समोरच्या संघाच्या फाउलबद्दल (नियमबाह्य धक्काबुक्कीबद्दल) मिळणाऱ्या एकेका गुणाच्या मोकळ्या फेकी, मिळाल्या. लेकर्सच्या कोबी ब्रायंटचे कोपर लागून किंग्जच्या माइक बिबीचे नाक फुटले आणि फाउल दिला गेला तो बिबीवरच. तो राग रास्त आहे, मलाही आजवर तो विसरता आलेला नाही.

पण त्यानंतर सातवा सामना होता, तोही किंग्जच्या घरच्या मैदानावर, घरच्या प्रेक्षकांसमोर. त्यात किंग्जना ३० फ्री थ्रो मिळाले आणि १४ वाया गेले! लेकर्सनी ३३ पैकी २७ बास्केटमध्ये टाकले. फ्री थ्रोत कच्चा म्हणून ज्याच्यावर सगळे जाणूनबुजून फाउल करत, त्या लेकर्सच्या शकील ओनीलनेही त्या दिवशी १५ पैकी ११ टाकले. जादा वेळेत गेलेला सामना किंग्ज ११२-१०६ असा हरले, म्हणजे अवघ्या सहा गुणांनी. फ्री थ्रोच्या वेळी समोर कोणी हात आडवा घालत नाही, अंतर ठरलेले, १५ फूट. तिथे पंचांचा काय संबंध?

चौथ्या सामन्याचेही तेच. किंग्जकडे २४ गुणांची आघाडी होती. शेवटच्या चेंडूवर रॉबर्ट ऑरीने तीन गुणांची बास्केट केली आणि लेकर्स १००-९९ ने जिंकले, हे सर्वांना पाठ असते. पण त्याच्या काही सेकंद आधी किंग्जच्या व्लादे दिवात्सने दोनपैकी एक फ्री थ्रो चुकवला होता, हे कुणी सांगत नाही. तो पडला असता तर ऑरीच्या बास्केटने फक्त बरोबरी झाली असती.

पेजा स्टोयाकोविचच्या घोट्याची दुखापत हे कारण मी मानतो. त्याच्यासारखा नेमबाज अर्धवट तंदुरुस्तीत परतला आणि सातव्या सामन्यात किंग्जचे लांबून मारलेले २० पैकी फक्त दोन चेंडू आत गेले. ख्रिस वेबर, दिवात्स, बिबी, बॉबी जॅक्सन यांचे पासिंग मात्र आजही पाहावे इतके देखणे! त्या सामन्यात शेवटच्या क्षणी दोन्ही फ्री थ्रो टाकून १००-१०० अशी बरोबरी साधली ती बिबीनेच. तसा थंड डोक्याचा दुसरा कुणी त्या दिवशी संघात दिसला नाही.

याच किंग्जचे मालक आज मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे आहेत. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये हा संघ वरळीच्या डोममध्ये इंडियाना पेसर्सविरुद्ध खेळून गेला. तेव्हापासून आमच्याकडच्या मैदानांवर मुले लांबून तीन गुणांचे चेंडू मारताना हौसेने दिसतात; फ्री थ्रोच्या रेषेवर मात्र सराव संपल्यावर चिटपाखरू नसते. आपल्या क्रीडा पानावर शालेय व जिल्हा स्पर्धांचे निकाल येतात, त्यात सर्वाधिक गुण करणाऱ्याचे नाव असते. त्याखाली एका ओळीत दोन्ही संघांना किती फ्री थ्रो मिळाले आणि त्यांपैकी किती पडले, एवढे छापता आले तर कृपया छापावे. प्रशिक्षक आणि मुले ती ओळ नक्की वाचतील.

आपला,
एक बास्केटबॉलप्रेमी वाचक, मुंबई