स्वप्नात तुझी लुना

प्रतापनगर, नागपूर
८ डिसेंबर, रात्र

मन्या,

सहा महिने तुझा फोन उचलला नाही अन् आता पत्र लिहून राहिलो. शिव्या देऊन घे आधी. तब्येत बरी, आईचा गुडघा तसाच.

काल पहाटे तुझी लुना आली बे स्वप्नात. तेलंगखेडीच्या चढावर बंद पडलेली, मी मागून ढकलून राहिलो अन् तू वर बसून हॉर्न वाजवतोय. उठलो तर डिसेंबरात बनियन घामानं चिंब. गेल्या चार वर्षांत स्वप्न पडल्याचं आठवत नाही. काल गांजा सोडून अकरावा दिवस होता. डॉक्टर म्हणाले, दाबलेली स्वप्नं अशी उसळतात.

हसू नको. फुटाळा तलावावर तू एवढंच म्हटलं होतंस, 'एक ड्रॉइंग न ओढता करून दाखव.' त्यावर मी १९८५च्या अमली पदार्थांच्या कायद्यावर भाषण ठोकलं: भांगेचं पान सुटतं, गांजाचं फूल अडकतं वगैरे. ड्रॉइंग काही दाखवलं नाही.

आधी काम संपल्यावर ओढायचो. मग मधे. मग बसायच्या आधी. आठवड्याची पुडी तीन दिवसांत संपायला लागली, तर माल हलका देतो म्हणून बंड्याशी भांडलो. रोज ओढलं की मेंदूत ते जिथे जाऊन बसतं त्या जागाच कमी होतात म्हणे. बंद ठेवलं तर महिनाभरात बऱ्याच परत येतात. बंड्याची माफी मागायला हवी. मागणार नाही.

न ओढता बसलं की चिडचिड, ओढलं की हात चाले. वाटायचं, यानंच काम होतं. ती चिडचिडही त्याचीच होती रे! उधारी फेडत होतो अन् कमाई समजत होतो. परवा जुनी फाईल उघडली: रात्री दोन ते पाच बसून एकाच किचनला तेरा रंग लावून पाहिलेले, अन् ओट्याला सिंकच नाही.

पहिले चार दिवस झोप नाही, तर्री-पोहे समोर नको झाले. मला! वर सिगारेटची तंबाखू मिसळायचो, त्यामुळे तलफ नेमकी कशाची तेही कळत नाही.

आज एक जिना काढला. नीट आला, पण साधा. आधीचा वेडेपणा माझा होता की मालाचा? हे तुलाच ठाऊक, तू माझं त्याआधीचं काम पाहिलंयस.

वहिनींच्या बदलीचं काय झालं? छोटी चालायला लागली म्हणे. संत्री पाठवतो.

माझी सेकंड इयरची शीट्स तुझ्या महाल भागातल्या घरी माळ्यावरच आहेत ना? किल्ली काकूंकडे असेल तर सांग, रविवारी जाऊन घेऊन येतो.

तुझा,
बाळ्या